चांदीच्या उंबरठ्यापाशी

३० जानेवारी

निळी फाईल मी माझ्या सीटखाली ठेवली होती, हात खाली नेला की लागेल अशी. तिच्यात हिचं गेल्या चौदा महिन्यांचं आजारपण तारखेवार लावलेलं आहे. शस्त्रक्रियेचे कागद, आठ किमोंच्या नोंदी, प्रत्येक वेळचा पांढऱ्या पेशींचा आकडा, कुठल्या गोळीनं तोंड आलं आणि कुठल्या गोळीनं झोप उडाली. घर सोडताना ती गाडीत आहे का हे मी दोनदा बघितलं. खेड शिवापूरला पुन्हा एकदा.

सप्टेंबरात किमो संपली तेव्हा वाटलं होतं, सुटलो. जानेवारीच्या स्कॅनमध्ये यकृतावर एक ठिपका दिसला. २४ तारखेला सुई घालून तुकडा काढला. तो वेगवेगळ्या रंगांनी रंगवून तपासतात, त्याला वेळ लागतो. रिपोर्ट ३ फेब्रुवारीला, असं सांगितलं. मी रोज सकाळी दहाला लॅबमध्ये फोन लावत होतो. चौथ्या दिवशी तिथली मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही फोन केला म्हणून तो लवकर नाही येणार हो." चांगल्या आवाजात म्हणाली, रागावली नव्हती.

त्याच संध्याकाळी ही म्हणाली, "मला माहेरी, कोल्हापूरला जायचंय. अंबाबाईची ओटी भरायचीय, किरणोत्सव बघायचाय. इथं बसून दिवसभर तुमच्या चेहऱ्याकडे बघवत नाही मला." डॉक्टरांना विचारलं. वजन उचलू नका एवढंच ते म्हणाले.

नोकरीतली चौतीस वर्षं मी पाटबंधारे खात्यात काढली, त्यातली बरीचशी कृष्णा खोऱ्यातल्या धरणांवर. पावसाळ्यात आमची भाषा तीन शब्दांची असते : आवक, विसर्ग, पातळी. तासातासाला नोंद घ्यायची, वर कळवायचं, दरवाजे किती उचलायचे ते ठरवायचं. निवृत्तीनंतरही ती सवय सुटली नाही. हिचं दुखणं घरात आलं आणि मी तशीच एक वही उघडली. समोर आकडे असले की मला धीर येतो. आकडा नसलेले हे दहा दिवस मला खात होते.

शिरोलीला पंचगंगेचा पूल आला. नदी जानेवारीत असते तशी खाली गेलेली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुरामुळे हाच महामार्ग कित्येक दिवस बंद होता. याच नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ मध्ये ५६ च्याही वर. पुलावरून जाताना दर खेपेला मी हे आकडे मनात म्हणतो. शेजारी ही नदीला हात जोडत होती.

सासुरवाडी शुक्रवार पेठेत, नदीच्या बाजूच्या गल्लीत. मेहुणा दारातच उभा होता. "आलासा दाजी? या, या. ताई, हळू उतर." सासूबाई चौऱ्याऐंशीच्या आहेत. लेकीच्या डोक्यावर नुकते कुठे दोन बोटं केस उगवलेत. त्यावरून त्यांनी हात फिरवला आणि काही न बोलता भाकरी थापायला बसल्या.

जेवणघराच्या भिंतीवर निळ्या पेन्सिलीच्या तीन रेघा आहेत. २००५, २०१९, २०२१. रंग देताना त्या रेघा तेवढ्या सोडतात. जेवताना माझी नजर तिथंच जात राहिली.

३१ जानेवारी

सकाळी ओटी. हिरवी साडी, खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू, वेणी. सासूबाईंनी ताटात सगळं लावून दिलं. त्या स्वतः आता गर्दीत येत नाहीत. मी बरोबर घडीचं स्टूल, मास्क, पाण्याची बाटली आणि थर्मामीटर घेतलं होतं. हिनं थर्मामीटरकडे बघितलं आणि मान वळवली.

गाभाऱ्यासमोर आपल्याला क्षणभरच मिळतो. काळ्या पाषाणाची चार हातांची मूर्ती, हातांत म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र. मी गेली पस्तीस वर्षं हे दर्शन घेतोय, लग्नानंतर पहिल्यांदा इथंच जोडीनं आलो होतो. त्या सकाळी मात्र डोळे मिटले आणि डोक्यात एकच शब्द घुमत राहिला. तीन तारीख, तीन तारीख. पुढं काय मागायचं ते सुचायच्या आत मागच्यांनी पुढं सरकवलं.

संध्याकाळी पाचलाच परत आलो. कोल्हापूरच्या लोकांना हे सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. देऊळ पश्चिमेला तोंड करून आहे. वर्षातून दोनदा, ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी या दिवशी मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी कमरेपासून छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर, असा क्रम. तारखांचं गणित सोपं आहे. सूर्य २१-२२ डिसेंबरला दक्षिणेच्या टोकाला जाऊन परततो. त्याच्या सुमारे ४२ दिवस आधी आणि तितकेच दिवस नंतर तो क्षितिजावर एकाच जागी मावळतो. दारामागून दार त्या जागेच्या रेषेत आणणाऱ्या त्या जुन्या कारागिरांना मी दर वेळी नमस्कार करतो. किती वर्षं संध्याकाळी उभं राहून त्यांनी सूर्य बघितला असेल.

किरणं पोचतीलच असं मात्र नाही. मधल्या वाटेत उंच इमारती उभ्या राहिल्यात, हवेत धूळ असते, बाष्प असतं, ढग येतो. अभ्यासक लक्समीटर घेऊन उजेड मोजतात. काही वर्षी चरणांपर्यंतसुद्धा ऊन येत नाही.

सहा वाजायला आले तसे आतले दिवे बंद झाले. एवढी गर्दी, पण कुणी मोठ्यानं बोलेना. महाद्वारातून आलेला पट्टा गरुड मंडप ओलांडून पुढं आला. लोक दोन्ही बाजूंना सरकून वाट देत होते, म्हाताऱ्या माणसाला द्यावी तशी. गणपती चौक. मग पितळी उंबरठा. तिथं तो थांबल्यासारखा वाटला. माझ्या शेजारी एक कॉलेजातला मुलगा श्वास रोखून उभा होता. मग चांदीचा उंबरठा उजळला, आणि दोनेक मिनिटांत तिथल्या स्क्रीनवर दिसलं की चरणांवर सोनेरी उजेड पडलाय. "अंबाबाईच्या नावानं उदं गं आई उदं!" सगळं देऊळ एकदम उठल्यासारखं झालं. आरती सुरू झाली. हिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

त्या क्षणी मी एक गोष्ट केली. ती इथं लिहिणं मला जड जातंय, पण ती लिहिली नाही तर बाकीचं लिहून उपयोग नाही. आमच्याकडे देवाला कौल लावतात. मूर्तीला फूल किंवा कळी चिकटवायची, उजवीकडची पडली की होकार, डावीकडची पडली की नकार. मी मनातल्या मनात तसाच कौल लावला. आज चरणांवर आली. परवा मुखावर आली तर रिपोर्ट चांगला येईल. कुणाला सांगितलं नाही. पण आता माझ्या हातात एक आकडा आला होता, तीनपैकी एक. रात्री कितीतरी दिवसांनी मला गाढ झोप लागली.

१ फेब्रुवारी

सकाळी नरसोबाची वाडी. मेहुण्यानं गाडी काढली. जयसिंगपूर, शिरोळ करत तासा-सव्वातासात पोचलो. दोन्ही बाजूंना ऊस, तोडणीच्या टोळ्या, वाड्यांनी, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांनी भरलेले ट्रॅक्टर. हिनं काच खाली केली. मी धुळीचं काही बोलणार होतो, तेवढ्यात मेहुणा म्हणाला, "असू दे की दाजी, माहेरची धूळ हाय."

वाडीला कृष्णा आणि पंचगंगा भेटतात. घाटावर औदुंबराखाली दत्ताच्या पादुका. नृसिंहसरस्वती इथं बारा वर्षं राहिले असं सांगतात. पायऱ्या उतरताना ही मध्येच बसली. मी स्टूल उघडायला लागलो तर म्हणाली, "दगडच बरा आहे." पाण्यावर ऊन होतं. होड्या पलीकडे जात होत्या.

शेजारी एक वयस्कर सेवेकरी पायऱ्या झाडत होते. मी सहज विचारलं, पाणी कुठवर येतं? त्यांनी केरसुणी वर करून देवळाच्या माथ्याकडे दाखवलं. मग दक्षिणद्वाराविषयी सांगायला लागले. पूर चढत चढत देवळात येतो. उत्तरेच्या दारातून आत शिरलेलं पाणी पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं. ते पडायला लागलं की निरोप जातो, आणि माणसं रात्री-अपरात्री त्या पाण्यात स्नानाला येतात. पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती वरच्या जागी नेतात. पूजा चुकत नाही, जागा बदलते.

"देव बुडाले असं वाटत नाही तुम्हाला?" मी विचारलं.

"कृष्णामाई पाय धुवायला आली असं म्हणतो आम्ही."

मी गप्प बसलो. त्यांना माहीत नव्हतं की त्यांच्या दारात येणाऱ्या पाण्याचं थोडं गणित मी केलेलं आहे. २०१९ मध्ये आम्ही सलग नऊ रात्री जागे होतो. धरण वरून भरत होतं, खाली गावं होती. दर तासाला विसर्गाचा आकडा मी वहीत लिहीत होतो आणि प्रत्येक आकड्याच्या शेवटी कुणाचं तरी घर आहे हे कळत होतं. दरवाजा उचलला तरी पाप, नाही उचलला तर त्याहून मोठं. एका रात्री दोन वाजता नियंत्रण कक्षाच्या मागच्या जिन्यात बसून मी रडलो होतो. हे हिलासुद्धा सांगितलं नव्हतं. त्याच पाण्यात उतरून इथं माणसं हात जोडत होती, हे तेव्हा मला कळलं असतं तर बरं झालं असतं की वाईट, सांगता येत नाही. घरं बुडालेल्यांचं दुःख यानं कमी होत नाही. ते सेवेकरी म्हणाले, त्यांचंही घर गेलं होतं त्या वर्षी. "तरी स्नान केलंच," असं म्हणून पुढची पायरी झाडायला लागले.

बासुंदी घेतली, कवठाची बर्फी घेतली, सासूबाईंसाठी कृष्णाकाठची वांगी घेतली. परत आलो.

संध्याकाळी पुन्हा देऊळ. साडेपाचला ऊन चांगलं होतं. पावणेसहाला पश्चिमेला एक करडी पट्टी दिसायला लागली, फार मोठी नाही, हातभर. मी महाद्वाराकडे वळून वळून बघत होतो. किरणं आली, पण फिकी. पितळी उंबरठा ओलांडला. चांदीच्या उंबरठ्यापाशी आल्यावर उजेड विरघळायला लागला. पांढरा झाला, मग राखाडी, मग फरशी फरशीसारखी दिसायला लागली. कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, "गेलं."

मी आजूबाजूला बघितलं. कुणी चिडलं नव्हतं. आतले दिवे लागले, घंटा सुरू झाली आणि कालचीच आरती कालच्याच आवाजात झाली. माझी बोटं थंड पडली होती. कौल मी तिसऱ्या दिवसाचा लावला होता, दुसऱ्याचा नव्हे. पण मनाला एवढा हिशोब कुठला कळतो. मला डावी कळी पडलेली दिसली.

जेवण गेलं नाही. सगळे झोपल्यावर मी जेवणघरात येऊन बसलो, मोबाईलवर उद्याच्या ढगांचा अंदाज काढून. सासूबाई पाणी प्यायला उठल्या होत्या. काठी भिंतीला लावून त्या समोर बसल्या.

"काय बघतासा जावईबापू?"

"उद्या ढग आहे का ते."

त्यांनी भिंतीवरच्या रेघांकडे बोट केलं. "ती खालची, २००५ची. तवा हे होते. पाणी गल्लीत आलं तसं ह्यांनी सगळं माडीवर चढवायला घेतलं. तांदूळ, गाद्या, शिलाई मशीन, भांडी. मी म्हणते चला, हे म्हणतात एवढं झालं की. जिना सोळा पायऱ्यांचा. रात्रभर. शेवटी गळ्याइतक्या पाण्यातनं दोरीला धरून बाहेर काढलं त्यांना. मशीन राहिली खालीच."

"आणि २०१९?"

"तवा हे न्हवते. बोट दारात आली. मी देव्हाऱ्यातले टाक पदरात बांधले, रेशनकार्ड घेतलं, औषधाची पिशवी घेतली. दाराला कडी घातली. कुलूप न्हाई लावलं. पाण्याला कसलं कुलूप?"

"भीती नाही वाटली?"

"वाटली की. पाय लटलटत हुते. पण बोटीत चढाय हात मोकळे लागतात." एवढं बोलून त्यांनी माझ्या हातातल्या मोबाईलकडे बघितलं, उठल्या, आणि काठी टेकत निघून गेल्या.

२ फेब्रुवारी

सकाळी चहा झाल्यावर ही म्हणाली, "फाईल द्या."

"काय बघायचंय? मी काढून देतो."

"काढून नको. अख्खी द्या. आता ती माझ्याकडे राहील."

मी म्हटलं, तुला त्रास होईल, त्यात सगळं क्रमानं लावलंय, डॉक्टर अचानक विचारतात. ती ऐकून घेत होती. मग हळू, भाऊ-भावजयीला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "चौदा महिने तुम्ही माझ्यासाठी झिजलात. मला दिसत नाही का? पण सकाळी उठल्यावर तुम्ही मला ताप विचारता, संडास विचारता, झोप किती तास ते विचारता. मला भीती वाटते का, हे एकदा तरी विचारलंत? दुखणं माझं आहे. ते तरी माझ्याकडे राहू द्या."

मी फाईल दिली. दिली म्हणजे, टेबलावर ठेवली आणि चपला घालून बाहेर पडलो. मला राग आला होता. त्याखाली दुसरंही काही होतं, पण ते कळायला वेळ लागला.

पंचगंगेचा घाट घरापासून पाच मिनिटांवर. पोहायला आलेली मुलं, कपडे धुणाऱ्या बायका, पाण्यात उतरलेली दगडी देवळं. वर प्रयाग चिखलीला कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती एकत्र येतात आणि पुढं पंचगंगा होते. यातली भोगावती राधानगरीच्या धरणातून येते. नोकरीच्या पहिल्या वर्षी आम्हाला ते धरण दाखवायला नेलं होतं. राजर्षी शाहूंनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते हाती घेतलं. १९२२ मध्ये महाराज गेले तेव्हा काम अर्धवट होतं. ते भरलेलं त्यांनी कधी बघितलं नाही, आणि आज त्या पाण्यावर जिल्ह्याचा ऊस उभा आहे.

त्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला आलं की दरवाजा आपोआप उघडतो, उतरलं की आपोआप मिटतो. वीज नको, बटण नको. एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी जातं. त्या वेळी तिथं एक म्हातारे कर्मचारी होते. मी तेवीस वर्षांचा, नवीन पदवी घेतलेला. त्यांना विचारलं, "मग तुमचं काम काय?" ते म्हणाले, "उन्हाळ्यात गंज काढायचा, वंगण घालायचं, अडकलेला पालापाचोळा काढायचा. पावसाळ्यात बघत उभं राहायचं." मला तेव्हा ते काम कमीपणाचं वाटलं होतं. मला दरवाजे उघडणारा व्हायचं होतं.

घाटाच्या पायरीवर बसल्यावर अडतीस वर्षांनी तो माणूस आठवला. पावसाळ्यात बघत उभं राहणं किती कठीण असेल. आणि त्याआधीचा सगळा उन्हाळा तो काही हात बांधून बसलेला नसायचा. हिची औषधं वेळेवर देणं, डॉक्टरांकडे नेणं, पैशांची सोय करणं, हे सगळं माझं वंगण घालणं होतं, ते मी करायलाच हवं होतं. मी त्याच्या पुढं गेलो होतो. गाठीनं काय करायचं, सूर्यानं कुठवर यायचं, देवीनं काय उत्तर द्यायचं, तेही मला माझ्या वहीत हवं होतं.

मी तिथं बसून प्रार्थना केली. मला पाठ असलेली स्तोत्रं आठवली नाहीत. एवढंच म्हटलं, "आई, मला जमेल तेवढं मी करतो. ही तुझी लेक आहे, माझ्या आधीपासून." मग बराच वेळ तिथंच बसलो. काही हलकं वगैरे वाटलं नाही. पण घरी जाताना लॅबला फोन लावायची आठवण झाली नाही, हे मला दुपारी लक्षात आलं.

तिसरा दिवस, मुखदर्शनाचा. चारला मी तयार झालो. ही म्हणाली, "मला रंकाळ्यावर जायचंय."

"आज? आज किरणं मुखावर येतात."

"येऊ देत की. मला गर्दीत उभं राहवणार नाही आज. आणि लहानपणी बाबांबरोबर रोज संध्याकाळी जायचे मी, तिथं बसायचंय." मी काही क्षण उभा राहिलो. मग मेहुण्याला म्हटलं, तू देवळात जा, आम्ही रंकाळ्यावर जातो.

संध्यामठ पाण्यातून वर आलेला होता. पलीकडे शालिनी पॅलेसचा मनोरा. ओली भेळ घेतली, दोघांत एक. तिखट किती ते तिनंच सांगितलं. सूर्य तळ्यावर उतरत होता. मी मनात दिशा लावून बघितली. देऊळ आमच्या पाठीमागं, पूर्वेला किलोमीटरभरावर. म्हणजे आईच्या दारात जाणारी किरणं आत्ता आमच्या डोक्यावरूनच चालली होती. मी हे तिला सांगितलं. तिनं मागं वळून बघितलं, पुन्हा सूर्याकडे बघितलं, आणि हात जोडले.

तेव्हा मी तिला कौलाचं सांगितलं. सगळं. काल ढग आल्यावर मला काय वाटलं तेही.

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे काल संध्याकाळपासून तुम्ही मला गेलेलीच धरलीत?"

मला उत्तर देता आलं नाही.

"काल उंबरठ्यावर ऊन विझलं तेव्हा मला काय वाटलं सांगू?" ती म्हणाली. "अंधारात ती तशीच उभी होती. रोज तीनशे साठ दिवस असते तशी. ऊन आलं तर आई, नाही आलं तर आई नाही, असं असतं का कुठं?"

मी तिला विचारलं, "तुला भीती वाटते?"

"खूप," ती म्हणाली. आणि मग बोलायला लागली. रात्री तीन वाजता जाग आली की काय काय येतं मनात. मुलाचं लग्न. माझं जेवण. पुन्हा केस जाणं, आणि त्या सुईची आठवण. पहिल्या किमोच्या वेळी शेजारच्या खाटेवरची बाई पुढच्या खेपेला नव्हती, ते. मी मध्ये एकदाही उपाय सुचवला नाही. सूर्य मावळला, चौपाटीवरचे दिवे लागले, तरी ती बोलत होती. मी तिचा हात धरून बसलो होतो.

घरी आलो तर मेहुणा देवळातून येऊन बसला होता. प्रसादाचा द्रोण आमच्या पुढं केला. किरणं कुठवर आली, ते त्यानं आपण होऊन सांगितलं : खांद्यापर्यंत. मी द्रोण घेतला. सासूबाईंनी वांग्याचं भरीत केलं होतं, मी दोन भाकरी जेवलो.

३ फेब्रुवारी

निघताना सासूबाईंनी लेकीची ओटी भरली. माझ्या हातावर दही घातलं. पुलावर दोघांनीही नदीला हात जोडले.

रिपोर्ट संध्याकाळी आला, आम्ही पुण्यात पोचल्यावर. आजार परत आलाय, यकृतात. पुन्हा उपचार सुरू करायचे. मी तो तिच्या हातात दिला, तिनं चष्मा लावून पूर्ण वाचला. त्या रात्री आम्ही दोघंही रडलो. नंतर तिनं देवापुढं दिवा लावला, रोज लावते तसाच, आणि मी कुकर लावला.

दोन दिवसांनी डॉक्टरांकडे गेलो. फाईल तिच्या मांडीवर होती, माझ्याकडे पाण्याची बाटली. डॉक्टरांनी विचारलं, "शेवटची किमो कधी झाली होती?"

"अठरा सप्टेंबर," ती म्हणाली.

सतरा होती. मला वेळसुद्धा आठवत होती. मी बाटलीचं झाकण घट्ट केलं.

तिनं फाईल उघडली, पानं उलटली, एका ओळीवर बोट ठेवलं. "नाही, सतरा," ती म्हणाली. "सतरा सप्टेंबर. त्या दिवशी पाऊस होता."